सतरा पेले आणि वर सात

२ तारीख, शनिवार

आधी चुकून ३ लिहिलं होतं. एक रेघ मारून २ केलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरने लावलेली सवय. चूक झाली तर एकच रेघ, सरळ, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. खोडरबर नाही, गिरगटणं नाही, आणि पान फाडणं तर नाहीच. पान फाडणारी मुलगी दोनदा खोटं बोलते, असं ती म्हणायची. अठ्ठावन्न वर्षांची झाले तरी तो आवाज कानात आहे.

दुपारी सामानासकट पोचले. एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकांचं खोकं. खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या, एक टेबल, भिंतीला टेकलेली लोखंडी खाट आणि खुंटीवर फोन. मागच्या खिडकीतून परसातला पर्जन्यमापक दिसतो. त्यापलीकडे डोंगराची धार, आणि पुढच्या खिडकीतून खाली ओढा व ओढ्याकाठची घरं. इतकी स्वच्छ हवा की पलीकडच्या काठावर वाळत घातलेल्या कपड्यांची बटणं मोजावीत.

घरमालकीण शाळेचे गणवेश शिवते. तिच्या खांद्यावर कायम मापाची टेप. ती म्हणाली, मला वहिनी म्हणा, सगळी आळी म्हणते. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो, त्याला सगळे दादा म्हणतात. माझं काम ऐकून त्याने मला तिथल्या तिथे पाऊसबाई करून टाकलं. वहिनीने त्याला दटावलं की निदान चहा तरी होऊ दे, मग नावं ठेव.

खूप दिवसांनी हसले. इथे बरं वाटेल.

४ तारीख, सोमवार

कामाचा पहिला दिवस. काम म्हटलं तर पाच मिनिटांचं. सकाळी आठला मापकाचं कुलूप काढायचं, नरसाळं उचलायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या पेल्यात ओतून किती मिलिमीटर ते पाहायचं. पेला वीसचा. मग वर येऊन हवामान केंद्राला फोन करायचा. आज बाटली कोरडी. शून्य.

फोनवर चिमणी होती. माझ्याच हाताखाली शिकली, आता माझ्याच खुर्चीवर बसते. आवाजावरून मीच तिला ते नाव दिलं होतं. म्हणाली, मॅडम, तुम्ही आकडा सांगताय आणि मी लिहून घेतेय, उलटंच झालं की सगळं. शून्य लिहिलं, उपग्रहाच्या नकाशाशी ताडून पाहिलं आणि म्हणाली, जुळलं.

जेवताना वहिनीने विचारलं की वर उपग्रह फिरतो म्हणतात, मग खाली बाटली धरून बसायला माणूस कशाला. मी सांगितलं. उपग्रहाला पाऊस आपल्यासारखा दिसत नाही. पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू सूक्ष्मलहरींत मंद उजळत असते. समुद्र त्या उजेडात काळपट दिसतो, म्हणून त्याच्यावर पडणारा पाऊस उठून दिसतो. जमीन मात्र स्वतःच उजळ. तिच्यावरचा पाऊस म्हणजे पांढऱ्या कागदावर पांढरा खडू. तेव्हा जमिनीवर आम्ही उंच ढगांतल्या बर्फाची सावली शोधतो आणि सावलीवरून पावसाचा अंदाज बांधतो.

दादा घास हातात धरून ऐकत होता. म्हणाला, आणि बिनबर्फाचा ढग आला तर?

मी म्हटलं, येतात तसे. डोंगराला घासत चढणारे बुटके ढग. कितीही ओतले तरी वरून आकाश कोरडं दिसतं. म्हणून तर बाटली. दोनशेच्या वर आकडा गेला आणि केंद्राच्या रजिस्टरात चढला की तिथून खालच्या वस्तीचा भोंगा वाजवतात.

दादा म्हणाला, म्हणजे आमचा जीव तुमच्या पेल्यात. आणि हसला. मला पुढे जेवण गेलं नाही. प्रवासाचा शीण असेल.

७ तारीख, गुरुवार

बाटलीत पाणी होतं. दोन मिलिमीटर.

रात्रभर आकाश स्वच्छ होतं. मापकाभोवतीची फरशी कोरडी ठणठणीत, गवत कोरडं, वहिनीने दोरीवर विसरलेला फ्रॉक कोरडा. दव म्हणावं तर दव नरसाळ्यातून इतकं ओघळत नाही. कोणी झाडांना पाणी घालताना उडालं असेल. पाणी कुंडीत ओतून टाकलं आणि शून्य कळवलं. नकाशाही शून्यच म्हणत होता. चिमणी म्हणाली, जुळलं.

८ तारीख, शुक्रवार

पाच.

कुलूप लागलेलं होतं. किल्ली माझ्या गळ्यात असते, साखळीला, जिथे पूर्वी शाळेत दिलेलं पदक असायचं. वहिनीला विचारलं तर म्हणाली, ताई, आमच्याकडे नळाला पाणी यायची मारामार, तुमच्या बाटलीत कोण घालतंय.

परत शून्य कळवलं. नाहीतरी खरं तेच ना. पाऊस पडलेला नाही. पडला नाही त्याचा आकडा कसा सांगायचा?

हे वाक्य लिहिलं आणि थांबले. हे मी पूर्वी कोणाला तरी म्हटलं आहे.

९ तारीख, शनिवार

अकरा.

काल दुपारपासून अंधार पडेपर्यंत खिडकीत बसून होते. परसात एक मांजर आलं, तेवढंच. आज पहाटे उजाडताच पुन्हा बसले. कोणी नाही. आठ वाजता कुलूप काढलं, तर बाटलीत पेल्याच्या अर्ध्याहून थोडं जास्त. पाणी गार होतं आणि त्याला मातीचा नव्हे, खडूचा वास होता.

दोन, पाच, अकरा. ओळीने म्हणून पाहिलं. जिभेला सवयीचे वाटतात.

ट्रंकेच्या तळाशी एक पान आहे. ते काढणार नाही.

१० तारीख, रविवार

सव्वीस. एक पेला आणि वर सहा.

पान काढलं.

इथे लिहिते, कारण ही वही कोणी वाचणार नाही आणि कुठेतरी लिहायला हवं. पान केंद्राच्या रजिस्टरचं आहे, तीन वर्षांपूर्वीचं. एका दरीतल्या शाळेत मापक होता. तिथले मास्तर रोज आठला फोन करायचे. मागे पोरांचे पाढे चाललेले असायचे. मास्तर आधी माझ्या खोकल्याची चौकशी करायचे, मग म्हणायचे, ताई, लिहून घ्या. अकरा वर्षं. आम्ही कधी भेटलो नाही. पण मला त्यांच्या आवाजावरून कळायचं की आज त्यांचा गुडघा दुखतोय.

पानावर त्या आठवड्याची माझ्या हातची ओळ आहे.

२. ५. ११. २६. ५८. ११९.

आणि खाली एक आकडा, त्याच्यापुढे लाल पेन्सिलने 'संशयास्पद'.

आज शून्य कळवलं. बाटलीत पाणी असताना चौथ्यांदा. चिमणी खुश आहे.

११ तारीख, सोमवार

अठ्ठावन्न. दोन पेले आणि वर अठरा. पेला भरताना थोडं सांडलं, तरी अठरा. जे सांडलं ते कशातून भरून आलं?

डोंगराच्या धारेवर ढग बसला आहे. बुटका, राखाडी, घोंगडी पांघरून बसल्यासारखा. इथे अजून थेंब नाही.

आज खरा आकडा सांगितला. चिमणी हसली. म्हणाली, मॅडम, पाऊस मोजलात की विहीर?

तो विनोद माझा आहे. ती तेव्हा शेजारच्या टेबलावर होती, तिने माझ्याकडूनच उचलला. मग म्हणाली, नकाशा स्वच्छ आहे, मॅडम. तुम्हीच शिकवलंत, नकाशा आधी, माणूस नंतर. शंका लिहून ठेवते.

हो, मीच शिकवलं. त्या आठवड्यात वरून पाहणी यायची होती. नकाशा आणि मापक यांची जुळणी माझ्या भागात शंभरात सत्त्याण्णव असायची, सगळ्यांत वरचढ. मास्तरांचा एकच मापक जुळेना. बुटक्या ढगांचं मला माहीत नव्हतं असं नाही. मी वर्गात शिकवायचे ते. पण मी मास्तरांना म्हटलं, पोरं बाटलीत पाणी ओतत नाहीत ना ते बघा. त्यांना लागलं ते. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ताई, काटेरी कुंपण केलंय, रात्री स्वतः कंदील घेऊन बसलो होतो, तरी एकशे एकोणीस. मी म्हटलं, मास्तर, पडला नाही त्याचा आकडा मी कसा लिहू?

सातव्या सकाळी फोन आला. मागे सतराचा पाढा. मास्तर धापा टाकत होते. म्हणाले, सतरा पेले, ताई, आणि वर सात. तीनशे सत्तेचाळीस. मी विचारलं, बाटलीत दहाच पेले मावतात, सात कुठून आणलेत? ते म्हणाले, बाटली वाहून बाहेरच्या डब्यात साचलं, तेही मोजलं. मी हात फोनवर ठेवून शेजारी म्हटलं की मास्तरांनी आज विहीर मोजली. सगळे हसले. हात नीट बसला नव्हता. त्यांना ऐकू गेलं असणार. ते म्हणाले, तुम्ही म्हणाल ते, ताई, पण लिहून तर घ्या.

लिहून घेतलं. पुढे 'संशयास्पद' लिहिलं. वर शून्य पाठवलं. भोंगा वाजला नाही.

अकरा वाजता ओढ्याने शाळा नेली. एकोणीस जण. मास्तर त्यांत.

दुपारी मी पट्टी धरून ते पान फाडलं. शिवणीशी, अगदी सफाईने. नवं पान घालून तोच आठवडा सुंदर अक्षरात उतरवला आणि शेवटी लिहिलं, निरोप आला नाही. चौकशी झाली तेव्हा समितीपुढे तेच सांगितलं. अहवालात आलं की निरीक्षकाने वेळेत कळवलं नाही. नवी शाळा बांधली, तिच्या भिंतीवर बाकी अठरांची नावं आहेत, मास्तरांचं नाही.

जुनं पान जाळायला घेतलं होतं. जाळवलं नाही. एवढंच माझ्याकडून झालं.

१२ तारीख, मंगळवार

एकशे एकोणीस. पाच पेले आणि वर एकोणीस.

ढग उतरला. परसाची भिंत दिसत नाही. पण पाऊस नाही, जमीन सुकी. पाणी फक्त बाटलीत पडतं.

उद्या सातवा दिवस.

चिमणीला आकडा सांगितला आणि मग सगळंच सांगितलं. पान, पट्टी, विहीर, सगळं. उद्या मी तीनशे सत्तेचाळीस सांगेन, तो निमूट लिही आणि भोंगा वाजव, म्हटलं. कागद चाळल्याचा आवाज आला. मग अगदी मायेने म्हणाली, मॅडम, रजिस्टर माझ्यासमोर आहे. तुमचंच अक्षर आहे, इतकं सुबक, कुठे खाडाखोड नाही. तुम्ही ते मनाला लावून घेतलंय. विश्रांती घ्या.

माझं खोटं इतकं चांगलं आहे की त्याच्यापुढे मीही खोटी.

खाली जाऊन वहिनीला सांगितलं. ती मशीनवर होती. पाय थांबला. म्हणाली, त्या मास्तरांचं पेपरात वाचलं होतं, मीसुद्धा शिव्या घातल्या होत्या त्यांना. त्यांची बायको आहे का? आहे, म्हटलं. वहिनीने टेप खांद्यावरून काढून ठेवली, जणू माझ्यापुढे मोजायचं काही नको. मग दादाला हाक मारली, मशीन उचल म्हणाली. दादा म्हणाला, अगं आभाळातून टिपूस नाही. ती म्हणाली, खोटंच बोलायचं असतं तर बाईने स्वतःबद्दल एवढं वाईट कशाला सांगितलं असतं? चला वरच्या आळीला.

तिने दारोदार जाऊन सांगितलं. दोन-तीन घरं निघाली. बाकीचे हसले. पाऊसबाईला पाऊस चढला म्हणाले.

ती निघताना पान मेणकापडात गुंडाळून तिच्या हातात दिलं. मास्तरांच्या बायकोला पोचवा. तिने घेतलं. मला चला म्हणाली नाही. मग दारातून वळून म्हणाली, ताई, तुम्हीपण चला, मेल्यावर कोणाचं काही फिटत नाही.

मी म्हटलं, आठला आकडा सांगायचाय. आकडा रजिस्टरात चढल्याशिवाय भोंगा नाही. खाली अजून माणसं आहेत.

१३ तारीख, बुधवार

सहा वाजता सुरू झाला. थेंब नाहीत. सलग. आवाजच इतका की—

सात. ओढा दिसत नाही. ऐकू येतो. पुढच्या खिडकीतून ओरडले, भांडं वाजवलं. एका दाराशी कोणीतरी हात हलवला. सुप्रभात म्हणावं तसा.

आठला उतरले. घोट्याच्या वर पाणी. कुलूप उघडेना, मग उघडलं. बाटली वाहिलेली. पेला, पेला, पेला. दहा झाले. बाहेरच्या डब्यातलं. अकरा. बारा. मोजायची चूक होऊ नये म्हणून मोठ्याने मोजत होते, आणि माझ्यामागून कोणीतरी तेच— नाही. मोजत नव्हते. पाढा. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. पोरांचे आवाज. किती जवळ.

मागे वळले नाही. मोजणं चुकलं असतं.

सतरा. आणि वर सात.

जिना चढले. पाणी तिसऱ्या पायरीवर. फोन लागला. खांद्याने कानाशी धरलाय, हात लिहितोय, लिहिलंच पाहिजे—

चिमणी नाही.

आवाज ओळखीचा आहे. स्वच्छ, शाळेत घासूनपुसून दिलेला. म्हणतो, बोला मास्तर, आज गुडघा कसा आहे?

तो माझाच आवाज आहे. तीन वर्षांपूर्वीचा.

म्हटलं, मी मास्तर नाही. ऐकलं नाही तिने. म्हणाली, मास्तर, पोरांना जरा गप्प करा, आकडा ऐकू येत नाही. पोरं तर— खोलीत आहेत. ओले पाय वाजतात फरशीवर. सतरा त्रिक एक्कावन्न.

ताई, लिहून घ्या, म्हटलं. सतरा पेले आणि वर सात.

तिच्या टेबलावरचा नकाशा मला दिसतोय. स्वच्छ. मला माहीत आहे ती आता काय— विचारलं. बाटलीत दहाच मावतात, सात कुठून आणलेत?

सांगितलं. डब्यातलं. ढग बुटका आहे, बर्फ नाही त्याच्यात, तुम्हाला दिसणार नाही, तुम्हीच शिकवता ना हे—

फोनवर हात. नीट बसला नाही. विहीर. हसले सगळे. मीपण. माझं हसू किती मोकळं होतं.

पाणी खाटेला. भोंगा नाही. भोंगा नाही अजून. खाली दार मोडलं कोणाचं तरी—

तुम्ही म्हणाल ते, ताई. पण लिहून तर घ्या.

पेनाचा आवाज. लिहिते आहे. देवा, लिहिते आहे. तीन. चार. सात.

आता दुसरं काही. खण उघडला. लाकूड कागदावर टेकलं. पट्टी. इतक्यात? दुपारी ना, तू ते दुपारी केलंस, अजून आठच— अजून वेळ आहे, अजून माणसं आहेत खाली—

ताई, फाडू नका. हवं तर रेघ मारा. एकच. सरळ. खालचं वाचता—